जुन्या याग लेझरला संगणक जोडताना: कामाच्या नोंदी

१० जून

विभागात नव्वदच्या दशकात आलेला एक निओडिमियम याग लेझर आहे. फ्लॅशलॅम्पवर (लॅम्पच्या लखलखाटाने आतल्या स्फटिकात ऊर्जा भरणारा) चालणारा, क्यू-स्विचवाला (ती साठलेली ऊर्जा एका क्षणात सोडणारं दार), सेकंदाला १० पल्स, १०६४ नॅनोमीटर. लेझर ठणठणीत आहे. गेला तो त्याला हाकणारा संगणक: विंडोज ९८, आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये जीपीआयबी (मोजमापाची यंत्रं संगणकाला जोडणारं) कार्ड, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. आयएसए स्लॉटचा दुसरा बोर्ड शोधला तर मिळेल, पण तोही तेवढाच म्हातारा असणार. नव्या लेझरचा विषय सरांनी बैठकीत काढलाच नाही, यावरून काय ते समजावं.

जोडायच्या गोष्टी: लेझरचा पॉवर सप्लाय, स्टॅनफर्ड रिसर्च सिस्टिम्सचा डीजी५३५ डिले जनरेटर (ठरावीक उशिराने पल्स देणारं यंत्र), एक जुना ऊर्जामापक आणि स्पेक्ट्रोमीटरचा कॅमेरा. कॅमेरा अलीकडचा, यूएसबीवर निमूट चालणारा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल इथे फारसं येणार नाही.

प्रयोग लिब्सचा, म्हणजे लेझरने पेटवलेल्या प्लाझ्माच्या प्रकाशावरून घटक ओळखण्याचा. धातूवर पल्स मारायची, उडालेल्या प्लाझ्माचा प्रकाश ठरावीक उशिराने टिपायचा. पल्स आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर मायक्रोसेकंदाच्या अंशापर्यंत जागचं हलता कामा नये. बाकी सगळी धडपड या एका अटीपायी.

काम सुरू करण्याआधी एक नियम कागदावर लिहून सप्लायच्या कव्हरवर चिकटवला. दाराचा स्विच, पाण्याच्या प्रवाहाचा स्विच, कव्हरचे स्विच आणि लाल मशरूम बटण ही साखळी तारेचीच राहील. संगणक तिच्यात आणखी एक कॉन्टॅक्ट म्हणून बसेल. त्याला लेझर बंद करता येईल, एकट्याने सुरू करता येणार नाही. चिकटवायचं कारण असं की महिनाभराने सगळे वैतागतात आणि कुणीतरी म्हणतंच, "ते सॉफ्टवेअरमध्ये टाकू ना!"

१२ जून

लेझरच्या मॅन्युअलमधली रिमोट कनेक्टरची पानं गायब. ती विभागाच्या ग्रंथालयात सापडली, तीही वेगळ्याच वाटेने. याच लेझरवर पूर्वी झालेल्या एका पीएच.डी.च्या प्रबंधात, शेवटच्या परिशिष्टात क्विकबेसिकचा अख्खा प्रोग्रॅम छापलेला आहे, आणि त्याच्या आधी २५ पिनच्या कनेक्टरचा हाताने काढलेला तक्ता. कुठली पिन इंटरलॉकची (सुरक्षेच्या साखळीची), कुठली शटरची (बीम अडवणाऱ्या पडद्याची), कुठे जमीन (ग्राउंड). झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. जुनं यंत्र हातात आलं की इंटरनेटच्या आधी आपल्याच इमारतीतले प्रबंध चाळा.

१४ जून

सप्लाय उघडला. प्लग काढून बराच वेळ थांबलो, मग वर्कशॉपच्या काकांनी अर्थिंगच्या दांडीने कपॅसिटर बँक शॉर्ट केली, आणि पुन्हा एकदा केली. "एकदा सोडलेला कपॅसिटर परत थोडा भरतो, मॅडम. दांडी तशीच लावून ठेवायची, मग हात घालायचा." त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. मोठ्या कपॅसिटरचं डायइलेक्ट्रिक शोषून घेतलेला भार सावकाश परत करतं. इथे व्होल्टेज हजाराच्या वर आहे आणि साठा माणूस मारण्याइतका. एकट्याने उघडू नका.

आत धूळ सोडून काही वावगं नाही. पिनांचा तक्ता मीटर लावून ताडून पाहिला, जुळतो.

१७ जून

लेझर चालूच होईना. मागचा २५ पिनचा डमी प्लग काढून आपली केबल लावली की "इंटरलॉक"चा दिवा लागतो. हे अपेक्षित होतं, कारण डमी प्लगच्या आत इंटरलॉकच्या दोन पिना एकमेकींना जोडलेल्या असतात. प्लग काढला की साखळी तुटते. आपल्या केबलमध्ये त्याच पिनांवर रिले (विजेने चालणारा स्विच) दिला होता. तरी दिवा तसाच. केबल तीनदा सोल्डर झाली, रिले बदलला, शेवटी डमी प्लग परत लावला. तरीही दिवा लागलेलाच.

दोष पाण्याच्या फ्लो-स्विचचा निघाला. उन्हाळ्याची सुट्टी लेझर बंद होता आणि आतला तरंगता गोळा बुळबुळीत थराने चिकटून बसला होता. जोडणी करायच्या दिवशीच तो अडकावा, त्यामुळे संशय सगळा नव्या तारेवर. स्विच उघडून साफ केला, लेझर थंड ठेवणाऱ्या आतल्या लूपचं पाणी काढून नवीन डीआयोनाइज्ड पाणी भरलं, पाणी शुद्ध ठेवणारं रेझिनचं काडतूस बदललं. काडतूस हा या आठवड्यातला सगळ्यात मोठा खर्च.

आता कुणी नवीन केबल लावणार असेल तर आधी जुन्या प्लगवर लेझर चालवून बघायचा, मगच केबलला हात लावायचा.

१९ जून

जीपीआयबीचं काय करायचं? ही बस, म्हणजे यंत्रांना जोडणाऱ्या सामाईक तारा, एचपीची, १९७५ साली आयट्रिपलई ४८८ म्हणून मानक झालेली. आठ डेटाच्या तारा, तीन हँडशेकच्या, पाच व्यवस्थापनाच्या. विद्युत दृष्ट्या साधी टीटीएल, म्हणजे ० ते ५ व्होल्टची पातळी. तयार यूएसबी अडॅप्टर महाग, आणि खरेदी समितीतून पार व्हायला एक सत्र जातं. म्हणून आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारं एआर४८८ हे खुलं फर्मवेअर घेतलं. आर्डुइनो उनोच्या पिना थेट बसला जोडायच्या, झालं. उपकरणं एक-दोन असतील तोवर ड्रायव्हर चिप लागत नाही. हे प्रोलॉजिक्स या तयार अडॅप्टरच्या आज्ञावलीसारखंच बोलतं, त्यामुळे पायथॉनमधले तयार नमुने चालतात.

अवघड वस्तू एकच: २४ पिनचं कनेक्टर. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची चार दुकानं हिंडल्यावर एका दुकानदाराने "हे प्रिंटरचं चालेल का?" म्हणून ३६ पिनचं पुढे केलं. चालत नाही. शेवटी एका तुटक्या जीपीआयबी केबलचं चांगलं टोक कापून वापरलं.

२१ जून

डीजी५३५ बोलला. त्याचा पत्ता १५, समोरच्या पॅनेलच्या मेनूतून बघता येतो. त्याच मेनूत बसवरून आलेली अक्षरं पडद्यावर दिसतात, आणि त्यामुळे आमचा निम्मा दिवस वाचला. आज्ञा पोचतेय की नाही हे संगणकाला विचारत बसण्यापेक्षा सरळ यंत्राच्या पडद्यावर बघायचं.

दोन अडचणी आल्या.

पहिली: प्रत्येक आज्ञेनंतर प्रोग्रॅम काही सेकंद गप्प. एआर४८८ मध्ये "ऑटो" चालू असेल तर तो प्रत्येक आज्ञेमागून उत्तर वाचायला जातो. पण "डीटी", "टीआर" यांसारख्या नेमणुकीच्या (आकडा बसवायच्या) आज्ञांना डीजी५३५ उत्तर देतच नाही, मग अडॅप्टर वाट बघत बसतो. ऑटो बंद केलं, प्रश्न विचारला तरच "रीड" पाठवायचं, आणि तेही शेवटची खूण येईपर्यंत.

दुसरी: पोर्ट उघडलं की पहिल्या एक-दोन आज्ञा हरवतात. आर्डुइनोचं पोर्ट उघडताना डीटीआर रेषा हलते आणि बोर्ड रीसेट होतो. त्या दोन सेकंदांत पाठवलेलं सगळं वाऱ्यावर. रीसेट आणि जमीन यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. नवा प्रोग्रॅम चढवताना मात्र तो काढावा लागतो, म्हणून त्याला छोटा स्विच दिला.

२२ जून

मुख्य आज्ञांचा कागद, मॅन्युअलवरून. "टीएम" ट्रिगर, म्हणजे सुरुवातीचा इशारा, कुठून (० म्हणजे आतला, १ बाहेरचा, २ एकेक), "टीआर" वेग, "डीटी" डिले, "टीझेड" पुढचा भार ५० ओहम की हाय-इम्पिडन्स (जवळजवळ करंट न घेणारा), "ओएम" आउटपुटची पातळी, "ईएस" चूक काय झाली. डिले सांगताना वाहिन्यांचे क्रमांक: १ म्हणजे टी-शून्य (मोजणीचा आरंभक्षण), २ ए, ३ बी, ५ सी, ६ डी. मधले ४ आणि ७ हे एबी आणि सीडी या जोड्यांसाठी आहेत. "सी म्हणजे ४" असं गृहीत धरून कुणीही फसेल.

आपल्या कामापुरती आज्ञांची भाषा एवढीच. अर्ध्या पानात मावली.

२५ जून

लेझरला हात न लावता फक्त स्कोपवर (ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर). ही नोंद लांब आहे, कारण डीजी५३५ लेझरला जोडणाऱ्या प्रत्येकाला हे लागेल.

सरळ विचार असा होता: ए वाहिनी लॅम्पला, डी वाहिनी क्यू-स्विचला, दोघांत १९० मायक्रोसेकंद. लॅम्पची पल्स छान दिसली. क्यू-स्विचची दिसलीच नाही. स्कोपचा वेळपट्टा ताणत नेल्यावर ती सापडली, पण मायक्रोसेकंदापेक्षाही अरुंद. आमच्या लेझरला क्यू-स्विच इनपुटवर किमान १० मायक्रोसेकंदांची पल्स लागते.

कारण यंत्राच्या घडणीत आहे. ए, बी, सी, डी या वाहिन्या आपापल्या वेळेला वर जातात आणि सगळ्यात लांबचा डिले संपल्यावर सुमारे ८०० नॅनोसेकंदांनी एकदमच खाली येतात. म्हणजे जी वाहिनी सगळ्यात शेवटची, तिच्या वाट्याला तेवढेच ८०० नॅनोसेकंद येणार. हवी तेवढी रुंदी पाहिजे तर जोडीची आउटपुटं वापरायची. एबी हे ए ते बी एवढा वेळ वर राहतं, सीडी हे सी ते डी.

आता अशी मांडणी आहे: ए टी-शून्यापासून ०, बी ए-पासून २० मायक्रोसेकंद, आणि एबी लॅम्पला. सी टी-शून्यापासून १९० मायक्रोसेकंद, डी सी-पासून २० मायक्रोसेकंद, आणि सीडी क्यू-स्विचला. डी हा सी-च्या सापेक्ष बांधल्यामुळे क्यू-स्विचचा डिले बदलताना एकच आकडा बदलतो, रुंदी आपोआप तशीच राहते. एकटं सी आउटपुट मोकळं राहतं. त्याची चढती कड कॅमेऱ्याला दिली.

मग पातळी. लेझरचं इनपुट ५० ओहमचं, आणि डीजी५३५ हाय-इम्पिडन्सवर लावलेला. साहजिकच ४ व्होल्टचे २ झाले. २ व्होल्टला लेझरने कधी पल्स ओळखली असती, कधी नाही, आणि आम्ही आठवडाभर प्रोग्रॅम तपासत बसलो असतो. "टीझेड"ने भार ५० ओहमचा सांगितला, पातळी सरळ झाली.

२६ जून

एम.एस्सी.चा विद्यार्थी वेगाच्या जागी १० ऐवजी १०० टाइप करून मोकळा. स्कोपवरच होतं म्हणून हसण्यावारी गेलं. लेझरवर असतं तर दोन पल्सच्या मधल्या १० मिलिसेकंदांत बँक भरलीच नसती आणि सप्लाय ट्रिप झाला असता. प्रोग्रॅममध्ये वेगाची खिडकीच काढून टाकली. १० हा आकडा आता कोडमध्ये कोरलेला आहे. बदलायचा असेल त्याने फाइल उघडावी.

२८ जून

लॅम्प लावले. गॉगल, दार बंद, शटर बंद, पुढे किरण शोषणारा बीम-डंप. १०६४ डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे "काही दिसत नाही म्हणजे बंद असेल" हे इथे कधीच धरायचं नाही.

सिमर (लॅम्प तेवत ठेवणारा मंद करंट) पेटला त्या क्षणी यूएसबी पोर्ट गायब. लॅपटॉपवर उपकरण तुटल्याचा टुणकन आवाज. केबल काढून लावली, पोर्ट आलं, पुन्हा सिमर, पुन्हा गायब. कधी सिमरला नाही, पण लॅम्प उडायला लागल्यावर दहा-पंधरा फ्लॅशनी.

१ जुलै

पालख्या शहरात मुक्कामी, पेठांतले रस्ते बंद. पार्ट आणायला जाता येणार नाही, म्हणून असलेल्या सामानात शोधाशोध.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला तर पोर्ट पडणं बरंच कमी झालं, बंद मात्र नाही. म्हणजे गोंधळाचा मोठा भाग हवेतून येत नव्हता, जमिनीच्या तारेतून येत होता. काकांनी मीटर लावून दाखवलं: लेझरचा सॉकेट आणि रॅकचा सॉकेट वेगवेगळ्या फेजवर, दोघांच्या अर्थिंगमध्ये खोलीचा एसी चालू असताना काही व्होल्टचा फरक. दोन्ही चासी (धातूचे सांगाडे) आम्ही ट्रिगरच्या बीएनसी केबलच्या शील्डने (बाहेरच्या जाळीने) एकमेकांना बांधल्या होत्या. लॅम्पच्या करंटला परत जायला ही सोयीची वाट मिळाली, आणि तिच्यात मध्ये बसलेला सगळ्यात दुबळा प्राणी म्हणजे यूएसबी.

रॅकची वीज लेझरच्याच फेजवर आणि एकाच अर्थ-बिंदूवर घेतली. आर्डुइनो पत्र्याच्या खाऊच्या डब्यात ठेवला, डब्याचा रंग खरवडून तो अर्थ केला. यूएसबी केबल तीन मीटरची होती, अर्ध्या मीटरची लावली. फेराइटचे मणी अडकवले.

पोर्ट तरीही अधूनमधून पडतो.

५ जुलै

दोन गोष्टी आणल्या. एडीयूएम४१६० चिपवरचा यूएसबी आयसोलेटर (दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडून फक्त डेटा नेणारा), हजाराच्या आसपास. तो लॅपटॉप आणि आर्डुइनोच्या मध्ये बसतो, वेग १२ मेगाबिट, आपल्याला पुरून उरतो. आणि ट्रिगरच्या दोन्ही रेषांसाठी ऑप्टोकपलर (उजेडातून संकेत पलीकडे नेणारी चिप), म्हणजे डीजी५३५ आणि लेझर यांच्या जमिनी कायमच्या वेगळ्या.

कोपऱ्यावरच्या दुकानात पीसी८१७ होते, पाच-दहा रुपयाला एक. तेच लावले. पलीकडच्या बाजूला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर, आणि ५० ओहमला पुरेसा करंट देण्यासाठी टीसी४४२७ हा मॉसफेट ड्रायव्हर.

पोर्ट पडायचं थांबलं. दुपारभर लॅम्प चालू ठेवले, एकदाही नाही.

९ जुलै

आनंद चार दिवस टिकला. कॅमेऱ्यावर प्लाझ्मा कधी लवकर, कधी उशिरा. सकाळी नेमलेला डिले दुपारी चुकीचा. प्रकाश टिपणारा फोटोडायोड लावून पाहिलं तर लेझरची पल्स सी-च्या कडेपासून काही मायक्रोसेकंद मागे, आणि बोर्ड तापेल तशी आणखी सरकते.

पीसी८१७ हा मुळात स्विच-मोड सप्लायमध्ये चालणारा संथ कपलर. त्याची कड चढायलाच मायक्रोसेकंद लागतात आणि तो काळ करंटवर, भारावर, तापमानावर ठरतो. यात फसवणारी गोष्ट अशी की ऊर्जामापकाला यातलं काहीच कळत नव्हतं. निओडिमियमची वरची पातळी सुमारे २३० मायक्रोसेकंद टिकते, त्यामुळे क्यू-स्विच चार मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाला तरी ऊर्जा जवळपास तीच. ऊर्जा बघून "लेझर ठीक आहे" म्हणत राहिलो आणि दोष कॅमेऱ्यात शोधत राहिलो.

क्यू-स्विचच्या रेषेवर ६एन१३७ लावला. हा साधारण ५० नॅनोसेकंदांत उत्तर देतो. त्याचं आउटपुट उलटं असतं, त्यामुळे ड्रायव्हरही टीसी४४२७ ऐवजी उलटवणारा टीसी४४२६. या जोडीत आणखी एक फायदा आहे. डीजी५३५ची बाजू मेली किंवा केबल निघाली तर शेवटचं आउटपुट खालीच राहतं, पल्स जात नाही. लॅम्पच्या रेषेवर पीसी८१७ तसाच ठेवला. तिथे दोन-तीन मायक्रोसेकंदांनी काही बिघडत नाही. फक्त त्याला श्वास घ्यायला मिळावा म्हणून एबीची रुंदी २० वरून १०० मायक्रोसेकंद केली.

डीजी५३५चा भार आता पुन्हा हाय-इम्पिडन्सवर, कारण समोर ५० ओहम उरलेले नाहीत. हे लिहून ठेवतेय, नाहीतर २५ जूनची नोंद वाचून कुणीतरी परत बदलेल.

१२ जुलै

शटर. सोलेनॉइडवर उघडतं, वीज गेली की स्प्रिंगने पडतं. ही रचना जशीच्या तशी ठेवली. त्याच्या तारेत एक रिले घातला. तो दुसऱ्या, स्वतंत्र आर्डुइनोवर. पायथॉनने दर सेकंदाला एक अक्षर पाठवत राहायचं. दोन सेकंद काही आलं नाही तर रिले सुटतो आणि शटर पडतं. प्रोग्रॅम अडकला, लॅपटॉप झोपला, केबलला कुणाचा पाय लागला, सगळ्यांचं उत्तर एकच.

लॅम्प बंद ठेवून चाचणी घेतली आणि बरं झालं. बोर्डला वीज देताक्षणी शटर एकदा उघडून बंद झालं. बाजारात मिळणारे बरेचसे रिले बोर्ड इनपुट खाली गेलं की चालू होतात. आर्डुइनो जागा होत असताना पिन अधांतरी असते, आणि प्रोग्रॅममध्ये पिन आधी आउटपुट म्हणून जाहीर केली, मग वर नेली, तर मधल्या क्षणी ती खालीच असते. १०६४च्या बीमपुढे हा क्षण नको.

उपाय: पिनला १० किलोओहमचा पुल-अप, कोडमध्ये आधी पातळी वर, मग दिशा. आणि रिलेच्या मालिकेत एक चावीचा स्विच, ज्याची चावी गॉगलच्या खुंटीवर टांगलेली असते. चावी घ्यायला गेलेल्या माणसाच्या हाताला गॉगल लागतोच.

१५ जुलै

वीज गेली, चाळीस मिनिटांनी आली. डीजी५३५ आपल्या आपण पूर्वीच्याच नेमणुकीवर १० हर्ट्झने ट्रिगर द्यायला लागला. लेझरचा कॉन्टॅक्टर (मुख्य वीज जोडणारा स्विच) पडलेला होता, त्यामुळे पुढे काही झालं नाही, आणि १० जूनचा कागद अजून चिकटलेला आहे याचं समाधान वाटलं. तरी डीजी५३५ आता छोट्या यूपीएसवर आहे. प्रोग्रॅम सुरू होताना यंत्राच्या आठवणीवर विसंबत नाही; सगळे आकडे नव्याने पाठवतो, परत विचारून ताडतो, मगच पुढे जातो.

१८ जुलै

एकेक शॉट कसा घ्यायचा, यावर बरीच चर्चा. विद्यार्थ्याची सूचना होती की ट्रिगर "एकेक"वर ठेवू आणि संगणकाने हवा तेव्हा एक सोडायचा. दिसायला सोपं आहे. पण लेझरचा रॉड (आतला स्फटिक) तापून त्याचं भिंग होतं, आणि लेझरची पूर्ण मांडणी १० हर्ट्झच्या उष्णतेला धरून केलेली असते. अनियमित फ्लॅश दिले तर प्रत्येक पल्सचा बीम वेगळा. लॅम्प न थांबता १० हर्ट्झनेच उडायला हवेत. गाळायची ती क्यू-स्विचची पल्स.

म्हणून सीडीच्या वाटेत एक अँड गेट (दोन्ही इनपुट वर असतील तरच वर जाणारं), ७४एचसीटी०८. त्याची परवानगीची पिन संगणकाकडे. पण संगणक त्याच्या मर्जीने पिन वर करणार. तेव्हा सीडीची पल्स अर्धी येऊन गेली असेल तर क्यू-स्विचला अर्धवट पल्स मिळेल. म्हणून परवानगी आधी ७४एचसीटी७४ या फ्लिप-फ्लॉपमध्ये (घड्याळाच्या ठोक्यालाच बदलणारी चिप), आणि त्याचं घड्याळ टी-शून्यावर. परवानगी फक्त लॅम्प सुटण्याच्या क्षणीच बदलते, क्यू-स्विच त्यानंतर १९० मायक्रोसेकंदांनी. आर्डुइनो गेटमधून बाहेर पडलेल्या पल्स मोजतो, सांगितलेला आकडा झाला की परवानगी काढून घेतो. पुढच्या लॅम्पला अजून जवळजवळ १०० मिलिसेकंद असतात, त्यामुळे आर्डुइनोला घाई नाही.

दुकानदाराने एचसीटी मागितल्यावर एचसी दिले होते आणि वर "एकच आहे हो" म्हणाला. एकच नाही. ५ व्होल्टवर एचसीला वरची पातळी ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात, एचसीटीला २. डीजी५३५चे ४ व्होल्ट लांब केबलमधून येताना एचसीसाठी अगदी काठावर पडतात. गेटवरून ६एन१३७च्या एलईडीला थेट करंट मागू नका, मध्ये एक २एन२२२२ टाका.

२३ जुलै

ऊर्जामापक, आरएस-२३२ (जुनं सिरियल पोर्ट), २५ पिनचं कनेक्टर. ९ पिनच्या केबलला अडॅप्टर लावून जोडला, गप्प. ९ पिनवर पिन २ ऐकायची आणि ३ बोलायची. २५ पिनवर नेमकं उलट, आणि जमीन ५ ऐवजी ७ वर. बाजारातला अडॅप्टर हे सांभाळतो, पण मग समोरचं यंत्र स्वतःला संगणक समजतं की मोडेम, हा प्रश्न उरतोच. आमचं संगणक समजतं. दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलत होत्या. नल-मोडेम (बोलण्या-ऐकण्याच्या तारा उलटवणारा जोड) घातला तर तारा जुळल्या, उत्तर मात्र नाही. त्याला आरटीएस-सीटीएसचा ("पाठवू का", "पाठव" अशा दोन तारांचा) होकार हवा असतो. त्याच्या बाजूच्या पिन ४ आणि ५ एकमेकींना जोडल्यावर बोलायला लागला.

यूएसबी-सिरियलची पहिली केबल विंडोजने "कोड १०" म्हणून नाकारली होती. ती नकली चिपची असावी. स्वस्तातली केबल घेताना परत करायची सोय आहे का ते आधी विचारून घ्या.

२६ जुलै

आता सगळं एकत्र. क्यू-स्विचचा डिले १२० ते २८० मायक्रोसेकंद, पाच-पाचच्या पायऱ्यांनी, प्रत्येक ठिकाणी शंभर पल्सची सरासरी. पूर्वी हे काम हाताने बटण फिरवत, वहीत लिहीत अख्खा दिवस चालायचं. आता चहा घेऊन येईपर्यंत आलेख तयार. ऊर्जेचं शिखर १९० च्या जवळ, माथा पसरट. प्रबंधात १८५ लिहिलंय. लॅम्प वेगळे, तेव्हा एवढा फरक चालायचाच.

प्रोग्रॅममध्ये लॅम्पच्या फ्लॅशची कायमची मोजणी घातली. १० हर्ट्झला एक कोटी फ्लॅश साधारण २७८ तासांत होतात. चहाला जाताना लॅम्प चालू ठेवायची सवय असलेल्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

३१ जुलै

नमुना: तांबट आळीतून आणलेला तांब्याच्या पत्र्याचा कातरण-तुकडा, दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. कॅमेऱ्याचा उशीर १०० नॅनोसेकंद ठेवला तर सगळीकडे पांढरा उजेड, रेषा बुडालेल्या. दीड मायक्रोसेकंदाला ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ या तांब्याच्या तिन्ही रेषा स्वच्छ वर आल्या. सोबत ५८९ला सोडियमची जोडीही, बोटांच्या घामाची. त्याच जागी वीसेक शॉट मारल्यावर ती नाहीशी झाली. शंभर शॉटमध्ये रेषांची जागा आणि उशीर दोन्ही पक्के. पीसी८१७ असताना हेच मोजमाप होऊ शकत नव्हतं.

६ ऑगस्ट

हवेत इतकी ओल आहे की लेझरच्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करणाऱ्या केडी-स्टार-पी स्फटिकाची चिंता. तो पाणी शोषतो. त्याची भट्टी रात्रंदिवस चालू ठेवलीय, लेझर बंद असला तरी. भट्टीचं तापमान संगणकावर घ्यायचं डोक्यात होतं, सोडून दिलं. समोर आकडा दिसतो, तो वहीत लिहायला कुणाची हरकत नाही.

१२ ऑगस्ट

खर्चाचा हिशेब, किरकोळ खर्चाच्या पावत्यांवरून: दोन आर्डुइनो, यूएसबी आयसोलेटर, कपलर-ड्रायव्हर-गेट, रिले, चावीचा स्विच, कनेक्टर, केबल, डबे मिळून साडेपाच हजारांच्या आत. पाण्याचं काडतूस वेगळं, आणि ते एकटंच याहून महाग. वेळेचं म्हणाल तर पायथॉन लिहिण्यात फार तर आठवडा गेला असेल. बाकी सगळा अर्थिंग, कपलर आणि तो पाण्याचा स्विच यांनी खाल्ला.

ऊर्जामापकाची एक खोड अजून गेलेली नाही. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना कधीकधी त्याच्याकडून अर्धीच ओळ येते. तिथेही आयसोलेटर लावायचा आहे, पुढच्या पावत्यांमध्ये. तोवर प्रोग्रॅम ओळीची लांबी तपासतो, तुटकी असेल तर ऊर्जेचा रकाना रिकामा सोडतो आणि शॉट ठेवतो. शून्य लिहीत नाही, कारण सरासरी काढणाऱ्याला ते खरं वाटतं.